मानधन नको, मजुरी हवी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ आटोपली की डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. दिवाळी अंकासाठी काही तरी लिहा, असे संपादकांनी मला कळवले तेव्हा एखादी खुसखुशीत कथा त्यांच्या मनात असणार. पण यंदा माझ्याकडे फराळाचे काही नाही; कारीट आहे. वाचकांनी ते आधी फोडून टाकावे आणि मग खुशाल पुढच्या पानांवरच्या कथा-कवितांकडे जावे.

मी सिन्नरकडचा एक साधा मास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. एका खासगी शाळेत लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. अर्थशास्त्र मला कळत नाही. पण हिशेब कळतो, आणि मी जे सांगणार आहे तो सगळा हिशेबाचाच मामला आहे.

वाचकहो, पुरणपोळी लाटताना फुटू नये म्हणून काय करावे, असे तुम्ही मोबाइलला विचारता. क्षणात हजार शब्दांचे उत्तर पुढे येते. घरकर्ज घेताना काय पाहावे, केस गळू लागले तर काय लावावे, मुलीचे नाव काय ठेवावे, सगळ्याला उत्तर हजर! ही उत्तरे आभाळातून पडत नाहीत. कुणी तरी रात्री जागून ती लिहिलेली असतात. लिहिणाऱ्याचे नाव बहुधा खाली नसते. संकेतस्थळांना असा मजकूर पुरवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्या कंपन्यांना शब्दामागे काही पैसे दराने तो लिहून देणारी हजारो माणसे घराघरांत बसलेली आहेत. त्यांतली एक माझी जुनी विद्यार्थिनी.

वर्गात तिचे अक्षर सर्वांत वळणदार होते. लग्न होऊन ती नाशिकला गेली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा ती या कामाला लागली. शब्दाला चाळीस पैसे, म्हणजे हजार शब्दांच्या लेखाला चारशे रुपये. महिन्याला तीस लेख झाले की बारा हजार घरात येत. त्यात मुलाची फी भागे आणि सासूबाईंची औषधे येत. तीन वर्षे तिने हे काम केले आणि एकही लेख उशिरा दिला नाही. कंपनी तिला पत्रातून ‘आमच्या कुटुंबाचा भाग’ म्हणत असे.

मग एके रात्री अकरा वाजता या कुटुंबाचा निरोप आला. बाजारातील परिस्थिती पाहता उद्यापासून शब्दाला पंचवीस पैसे. विचारणे नाही, सांगणे नाही, महिनाभराची मुदत नाही. जे लेख ती त्या वेळी लिहीत होती, त्यांनाही नवाच दर लागू झाला. ती गप्प बसली. पाच महिन्यांनी दुसरा निरोप आला. लेख आता यंत्र लिहील. तुम्ही ते फक्त ‘सुधारून’ द्यायचे. दर सहा पैसे. हजार शब्दांना साठ रुपये! त्यातला एक लेख तिने मला दाखवला. वसुबारसेवर लिहिताना यंत्राने गाईवासरू बाजूला सारून नागोबाची पूजा घातली होती आणि नैवेद्याला दूध-लाह्या मांडल्या होत्या. असा लेख ‘सुधारायचा’ म्हणजे तो पुसून नवा लिहायचा. त्याला दोन तास लागतात. तासाला तीस रुपये झाले. धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या दरात दारात उभी राहणार नाही, आणि राहू नये.

तिसऱ्या निरोपाने मात्र कमाल केली. तिचे जुने, स्वतःच्या हाताने लिहिलेले लेख कंपनीच्या तपासणीत ‘यंत्राने लिहिलेले’ ठरले, म्हणून दोन महिन्यांचे नऊ हजार सहाशे रुपये रोखून धरले! जी कंपनी स्वतः यंत्राचा मजकूर तिच्या गळ्यात मारत होती, तिनेच तिला यंत्र वापरल्याबद्दल दोषी ठरवले, आणि तेही एका यंत्राच्या साक्षीवर. तिने तक्रार लिहिली. ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असे उत्तर त्याच मिनिटाला आले. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर. आषाढात ती माझ्या घरी आली होती. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली,

“सर, भांडायचं तरी कुणाशी? तिथं माणूसच नाही.”

“अगं, कुणाचं नाव, सही, पत्ता काही तरी असेल ना?”

“नाही सर. पत्राखाली नुसतं ‘आपली टीम’ असतं.”

मला त्या वेळी माझी आई आठवली. आमच्या सिन्नरात विड्या वळण्याचा धंदा जुना. आई सूप मांडीवर घेऊन बसे. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. हजारामागे दर ठरलेला. संध्याकाळी विड्या कारखान्यात नेल्या की तिथला माणूस त्या तपासून नापास विड्या बाजूला काढी. त्याला छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत, आणि दर चांगला मागणाऱ्या बाईची छाट जरा जास्तच निघे. माझ्या विद्यार्थिनीचे नऊ हजार सहाशे म्हणजे दुसरे काय? छाटच. घरात बसून काम, नगावर पैसे, कच्चा माल आणि दर मालकाच्या हातात, आणि शेवटी नापास करण्याचा अधिकारही त्याच्याच हातात. धंद्याची ही रीत फार जुनी आहे. तिला नवा कोट तेवढा चढवला आहे.

फरक असलाच तर तो आईच्या बाजूने होता. छाट काढणाऱ्या माणसाचे नाव तिला ठाऊक होते. त्याच्या टेबलापुढे पदर खोचून ती उभी राहू शकत होती, आणि राहतही असे. शेजारी दहा बायका रांगेत असत. एकीने आवाज चढवला की दहा जणी ऐकत. पुढे १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. विडी नाकारण्यावरून वाद झाला तर तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय त्यात होती. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे, ती गोष्ट वेगळी. सांगायचे ते इतकेच, की सही न येणाऱ्या विडीवालीचे गाऱ्हाणे ऐकणारा कुणी तरी असावा, एवढे या देशाला १९६६ साली कळले होते. वळणदार अक्षराच्या माझ्या विद्यार्थिनीला मात्र आज ‘आपली टीम’ उत्तर देते.

असे का व्हावे? दोष कंपन्यांचा आहेच. पण लेखकाला फसवायला सर्वांत उपयोगी पडणारा शब्द कंपन्यांनी शोधलेला नाही. तो आपल्याच घरचा आहे. तो शब्द म्हणजे ‘मानधन’.

शेतावर राबणाऱ्याला मजुरी मिळते, कारकुनाला पगार मिळतो, वकील फी घेतो. भटजींची दक्षिणासुद्धा पूजा उठली की हातावर पडते. लेखकाला मात्र मानधन! मजुरी बुडवली तर तो गुन्हा वाटतो; मानधन थकले तर तो नुसता विसर पडलेला असतो. मजुरी मागणाऱ्याला हक्काने बोलता येते. मानधन मागणारा खाली मान घालून, ‘आपल्या सवडीने पाहावे’ असे लिहितो. ज्या मोबदल्यात मान असेल त्यात धन नाही म्हणून तक्रार कशी करायची, आणि धन मागितले तर मान राहायचा कसा, अशा कात्रीत या शब्दाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले आहे. कंपन्यांना ही कात्री आयतीच मिळाली. त्यांनी तिला ‘भागीदार’, ‘कुटुंब’, ‘प्रसिद्धीची संधी’ अशा आणखी दोन-चार मुठी बसवल्या.

प्रसिद्धीच्या संधीवरून आठवले. अमेरिकेत ‘हफिंग्टन पोस्ट’ नावाचे संकेतस्थळ होते. त्यावर हजारो लोक फुकट लिहीत. नाव होते आहे, एवढ्यावर खूश. २०११ साली ते संकेतस्थळ एओएल कंपनीने साडेएकतीस कोटी डॉलरना विकत घेतले. तेव्हा लिहिणाऱ्यांना जाग आली. त्यांनी दावा लावला की ही किंमत आमच्या लिखाणामुळे आली, तेव्हा आमचाही वाटा द्या. २०१२ साली न्यायालयाने तो फेटाळला. तुम्हाला पैसे मिळणार नाहीत हे ठाऊक असूनच तुम्ही लिहिलेत, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. जे आपण मागितलेच नाही, ते नंतर कोणते न्यायालय देणार?

त्याच देशातल्या ‘डिमांड मीडिया’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. लोक गूगलला काय विचारतात ते हेरायचे आणि त्यावर लेख लिहून घ्यायचे, असा त्यांचा उद्योग. लेखाला साधारण पंधरा डॉलर. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिची किंमत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ चालवणाऱ्या कंपनीच्या वर गेली. पुढच्याच महिन्यात गूगलने शोधण्याची आपली पद्धत बदलली, सुमार मजकूर मागे ढकलला, आणि वर्ष संपायच्या आत कंपनीने लेखकांना द्यायचे काम कमी केले. गूगलचा निर्णय योग्यही असेल. पण त्या निर्णयाच्या वेळी पंधरा डॉलरवाल्यांना कुणी विचारले नव्हते, आणि त्यांचे काम गेले तेव्हाही नाही. याहू कंपनीने २०१० साली सुमारे दहा कोटी डॉलर मोजून असाच एक लेखकांचा कारखाना विकत घेतला होता. २०१४ साली तो बंद केला. विकताना लेखकांना ‘संपत्ती’ म्हणून मोजायचे आणि बंद करताना ‘खर्च’ म्हणून, असा हा हिशेब आहे.

यावर दोन उत्तरे मला नेहमी ऐकवली जातात. पहिले असे, की कुणी जबरदस्ती केली आहे का? परवडत नसेल तर सोडावे. मोठे सोपे उत्तर! माझ्या आईलाही विड्या सोडायला कुणी अडवले नव्हते. अडवले होते ते चुलीने. आणि करार म्हणजे दोघांनी मान्य केलेली गोष्ट. एकाने रात्री अकराला बदलायची आणि दुसऱ्याने सकाळी सहाला मान्य करायची, याला करार म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात.

दुसरे उत्तर, आता यंत्र आले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले तेव्हापासून हे उत्तर तर दर लेखकाच्या कपाळावर चिकटवले जाते. यंत्राशी माझे वैर नाही. पिठाची गिरणी आली म्हणून जात्यासाठी मी रडत बसलो नाही. पण यंत्र येणे वेगळे आणि यंत्राचे निमित्त करून माणसाचा दर पाडणे वेगळे. अमेरिकेतल्या चित्रपट-दूरदर्शनच्या लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला. मेपासून सप्टेंबरपर्यंत त्यांची कमाई थांबली. पण शेवटी कंपन्यांकडून त्यांनी लिहून घेतले, की यंत्राला लेखक मानले जाणार नाही, यंत्र वापरण्याची लेखकावर सक्ती होणार नाही, आणि यंत्राचा मजकूर हाती दिला तर तसे सांगावे लागेल. यंत्र तेच, जग तेच. फरक एवढाच, की ते लेखक एका संघटनेत होते आणि माझी विद्यार्थिनी एकटी होती.

न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून एक कायदा आहे. आठशे डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीचे काम सुट्या कामगाराकडून करून घ्यायचे तर करार लेखी हवा, आणि तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायला हवेत. बुडवणाऱ्याकडून दुप्पट वसूल होऊ शकतात. लेखकाला त्यात वेगळे काढलेले नाही. त्याचे काम हे कामच आहे, एवढे मानले आहे.

आपल्याकडे काहीच नाही, असे मात्र समजू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, जो पगारी नोकर नाही त्या लेखकाच्या लिखाणाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला दिले आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. म्हणूनच कंपन्यांच्या अटींत ‘जगभर’ आणि ‘कायमचे’ हे दोन शब्द हटकून असतात. लघुउद्योगांचा २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी केलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागतात. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी परिषद. नोंदणीला एक पैसा पडत नाही. पण ती काम घेण्याआधी करून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या परिशिष्टात, मोटारी आणि जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांच्या यादीतच, मजकूर आणि माध्यम सेवा पुरवणाऱ्या मंचांचेही नाव आहे. त्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के हिस्सा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायचा आहे. त्यात किमान दर नाही, रात्री अकराच्या निरोपाला बंदी नाही, छाटीविरुद्ध दाद नाही. तरी एक गोष्ट झाली. जेवणाची पिशवी पोहोचवणारा पोरगा आणि पुरणपोळीवर लेख लिहिणारी बाई एकाच यादीत आली. पुष्कळ लेखकांना हे कमीपणाचे वाटेल. मला तो सन्मान वाटतो. त्या पोरांनी रस्त्यावर उतरून मागण्या केल्या. आपण आपल्या खोलीत बसून मानधनाची वाट पाहिली.

आता थोडे कारीट माझ्याही जिभेला. एका वाचनाच्या अ‍ॅपवर मी माझी कादंबरी भागाभागाने दिली होती. वाचकांच्या संख्येवर पैसे मिळत. एके सकाळी त्यांनी हिशेबाची रीत बदलली. वाचक तेवढेच राहिले, पैसे तिसऱ्या हिश्श्यावर आले. मी संतापून अटी उघडल्या, तर त्यात साफ लिहिले होते की अटी केव्हाही बदलता येतील. खाली ‘मान्य आहे’ असे मीच दाबले होते. जो मास्तर पोरांना पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू देत नाही, त्याने स्वतः वाचल्याशिवाय सही केली होती. कादंबरी दिल्याच्या आनंदात अटी वाचणे मला क्षुद्रपणाचे वाटले होते. त्या क्षुद्रपणाच्या भीतीवरच तर हा सगळा उद्योग उभा आहे.

आणि आपले छापील जग तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहे? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. शंभराहून अधिक वर्षांची ही आपली परंपरा. तिचा अभिमान मलाही आहे. पण अंकाची एक प्रत आणि आभाराचे पत्र एवढ्यावर बोळवण झालेले लेखक या परंपरेत किती होऊन गेले, ते जुन्या लेखकांना विचारा. जाहिरातदाराचे बिल अंक निघण्याआधी वसूल होते, कागदवाला उधारी ठेवत नाही, आणि लेखकाला मात्र ‘पाडव्यानंतर पाहू’. ऑनलाइन कंपन्यांनी आपल्याला लुटले हे खरे; पण लुटून घेण्याची सवय त्यांच्या आधी आपल्याला घरच्यांनी लावली होती. संपादकांनी हा परिच्छेद छापला, तर त्यांचे मन मोठे आहे असे मी समजेन. त्याबद्दल मात्र मान पुरे; लेखाचे धन वेगळे.

लिहिणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. दर, मुदत आणि पैसे देण्याची तारीख लेखी घेतल्याशिवाय पहिला शब्द लिहू नका. जे लिहाल त्याची प्रत आपल्याजवळ तारखेसह ठेवा. एकाच कंपनीच्या दारावर सगळी चूल मांडू नका. दर कमी झाला की शेजारच्या लिहिणाऱ्याला सांगा. दहा जणांनी एकच पत्र पाठवले तर ‘आपली टीम’ला माणूस शोधावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीने पुढे तेच केले. तिच्याबरोबर लिहिणाऱ्या सात जणी तिने हुडकून काढल्या, तेव्हा कळले की सातही जणींचे लेख ‘यंत्राचे’ ठरले होते. आठ सह्यांचे पत्र गेले. अर्धे पैसे मिळाले आहेत. अर्धे अजून यायचे आहेत. काम मात्र आठही जणींचे बंद झाले. विजयाची कथा सांगायची मला हौस आहे, पण ही तशी कथा नाही.

आणि वाचकहो, तुम्हालाही थोडे सांगायचे आहे. तुमच्या घरात कुणी रात्री मोबाइलच्या उजेडात लिहीत बसले असेल, तर त्याला ‘छंद छान आहे’ म्हणू नका. किती शब्द झाले, किती पैसे ठरले आणि ते आले का, असे विचारा. सुनेच्या लिखाणाला रिकामपणचा उद्योग समजणाऱ्या सासूबाईंची औषधे कधी कधी त्याच उद्योगातून आलेली असतात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेतले व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर ‘श्री’, आणि मग पहिली नोंद. आमच्या घरी इतकी वर्षे त्या दिवशी माझ्या छापलेल्या पुस्तकांना फूल वाहायचे. यंदा मी दुकानातून एक लाल पुठ्ठ्याची वही आणली आहे, आणि तशीच एक त्या मुलीला नाशिकला पाठवली आहे. तिला चिठ्ठीत लिहिले आहे, की पहिल्या पानावर ‘श्री’ काढ, आणि त्याखाली तारीख घालून लिही: कंपनीकडून येणे, मजुरीपोटी, चार हजार आठशे रुपये.